साळावली जलाशय : दक्षिण गोव्याचा पाणीसाठा

सांगे तालुक्यातील साळावली धरण हा गोव्यातील सर्वांत मोठा जलप्रकल्प होय. जुवारीची उपनदी असलेल्या साळावली नदीवर हे धरण उभे आहे. मातीचे भरावकाम आणि दगडी बांधकाम यांचा मेळ घालून बांधलेल्या या धरणाची लांबी १,००४ मीटर, तर उंची सुमारे ४२.५ मीटर आहे. जलाशयाची एकूण साठवण क्षमता सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर असून बुडीत क्षेत्र जवळपास ३,००० हेक्टर आहे.

गोव्यात पाऊस उदंड पडतो. पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. सह्याद्रीपासून समुद्राचे अंतर थोडे, त्यामुळे नद्या आखूड. पावसाचे पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. उन्हाळ्यात जुवारीसारख्या नदीत भरतीचे खारे पाणी दूरवर आत शिरते आणि पात्र भरलेले दिसूनही ते पाणी पिण्यास अथवा शेतीस उपयोगी पडत नाही. अशा प्रदेशात पावसाळ्याचे पाणी डोंगराच्या कुशीतच अडवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सिंचन, पिण्याचे पाणी आणि उद्योगांची गरज असे या प्रकल्पाचे तिहेरी प्रयोजन. कालव्यांचे पाणी भात, ऊस व बागायतीला मिळते. तथापि सामान्य नागरिकाला हे धरण परिचित आहे ते नळाच्या पाण्यामुळे. शेळपे येथील प्रकल्पात शुद्ध केलेले पाणी सांगे, केपे, सासष्टी, मुरगाव अशा दक्षिणेकडील तालुक्यांत पोहोचते. मडगाव आणि वास्कोसारखी शहरे या एकाच स्रोतावर मोठ्या प्रमाणात विसंबून आहेत. मुख्य जलवाहिनी फुटली की त्या दिवशी हजारो घरांत त्याची जाणीव होते. पाणलोट क्षेत्रातील जंगल व खाणी यांकडे लक्ष ठेवणे म्हणूनच केवळ पर्यावरणप्रेमींचा विषय राहत नाही.

पर्यटकांना मात्र ओढ असते ती सांडव्याची. बदकाच्या चोचीवरून 'डकबिल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सांडव्याला दरवाजे नाहीत. पाण्याची पातळी ४१.१५ मीटरला पोहोचली की ते अर्धवर्तुळाकार कड्यावरून आपोआप आत कोसळू लागते आणि पुढे नदीपात्रात जाते. धरण भरल्याची वार्ता आली की सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी उसळते.

या पाण्याखाली कुर्डी गाव आहे. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबे तिथे एकत्र नांदत होती. शेती, माडांच्या बागा, देवळे, कपेल आणि दर्गा असा भरलेला गाव. जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली इथलाच. आडनावातूनही गावाची ओळख त्यांनी देशभर पोहोचवली. धरणाच्या पाण्यात गाव बुडणार म्हणून ग्रामस्थांना वाडे व वालकिणी येथील वसाहतींत हलवण्यात आले आणि १९८०च्या दशकात जलाशय भरू लागला. कदंबकालीन महादेव मंदिर मात्र पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले. देवळाच्या दगडांना क्रमांक घालता आले, गावच्या शेजाराला ते कसे घालणार?

विस्थापितांना भूखंड व भरपाई मिळाली. तरीही ज्यांच्या त्यागावर दक्षिण गोव्याच्या नळांना पाणी आले, त्यांच्याच नव्या वसाहतींत पाण्याच्या तुटवड्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. प्रकल्पाच्या हिशेबात ही बाजू लंगडीच म्हणावी लागेल.

एप्रिल-मे महिन्यांत जलाशय उतरतो, तेव्हा भेगाळलेल्या गाळातून कुर्डी वर येते. घरांची जोती, विहिरींचे कठडे, वठलेले बुंधे, जुन्या वाटा दिसू लागतात. सोमेश्वराचे देऊळ मोकळे होते. ठिकठिकाणी पांगलेले कुर्डीकर मे महिन्यात तिथे उत्सवासाठी जमतात; ख्रिस्ती ग्रामस्थही आपल्या कपेलाच्या फेस्तासाठी येतात. वडीलधारी माणसे नातवंडांना घेऊन रिकाम्या जोत्यांपाशी उभी राहतात आणि इथे स्वयंपाकघर होते, तिथे गोठा होता, असे दाखवतात. जूनमध्ये पाऊस लागतो, पाणी चढू लागते आणि गाव पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसेनासा होतो.