मोबाइल गेममधील लखलखाट आणि फिट : धोका कोणाला, सेटिंग कोणती बदलावी?

ऑनलाइन गेम सुरू होताना पडद्यावर काही सेकंद एक सूचना झळकते. ‘काही व्यक्तींना चमकणाऱ्या प्रकाशामुळे झटके येऊ शकतात’, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो आणि मुले तो न वाचताच पुढे जातात. ही सूचना केवळ कायदेशीर औपचारिकता नाही. थोड्याच मुलांना हा धोका असतो, पण ज्यांना असतो त्यांच्यासाठी तो खरा असतो. तो बराचसा टाळताही येतो. त्यासाठी आधी नेमके काय घडते ते समजून घेऊ.

प्रकाशामुळे फिट का येते?

आपल्या मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचे केंद्र असते. डोळ्यांसमोर प्रकाश वेगाने कमी-जास्त होऊ लागला की या केंद्रातील पेशी त्याच लयीत संदेश पाठवू लागतात. बहुतेकांच्या मेंदूला हा चढउतार आवरता येतो. काहींच्या मेंदूत मात्र ही लय आवरली जात नाही, ती पसरत जाते आणि फिट येते. याला प्रकाशसंवेदनशील अपस्मार किंवा ‘फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी’ म्हणतात. आपल्याकडे आकडी, फेफरे, मिरगी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आजाराचाच हा एक प्रकार आहे.

अपस्मार असलेल्या १०० रुग्णांपैकी साधारण ३ जणांमध्ये ही संवेदनशीलता आढळते. ७ ते १९ या वयात ती जास्त दिसते आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये तिचे प्रमाण अधिक असते. ‘गेम तर मुलगेच खेळतात’ असे समजून मुलींच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये.

कोणता प्रकाश त्रासदायक?

• सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप. त्यातही १५ ते २५ हा टप्पा सर्वांत त्रासदायक.
• गडद लाल रंगाची उघडझाप, किंवा लाल आणि निळा रंग आलटून पालटून येणे.
• पडद्याचा मोठा भाग एकाच वेळी चमकणे.
• काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ठळक, हलती नक्षी.
• अंधाऱ्या खोलीत, पडद्याच्या अगदी जवळ बसून पाहणे.

जागरण, सलग अनेक तास खेळणे, ताप, मद्यपान आणि चालू औषधाचा चुकलेला डोस यांमुळे धोका आणखी वाढतो. त्यामुळे एरवी त्रास न देणारा गेम परीक्षेच्या जागरणानंतर पहाटे खेळल्यावर त्रास देऊ शकतो.

जगाला धडा देणारी घटना

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मालिकेच्या एका भागात लाल आणि निळ्या रंगाचा झगमगाट काही सेकंद दाखवला गेला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १२ वेळा होता. त्या संध्याकाळी जवळपास ६८५ जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. काहींना फिट आली, तर काहींना मळमळ, डोकेदुखी, चक्कर असा त्रास झाला. फिट आलेल्यांपैकी बहुतेकांना त्यापूर्वी कधीच फिट आलेली नव्हती. पुढच्याच वर्षी जपानी वाहिन्यांनी अशा दृश्यांसाठी नियम केले. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांतही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे काहीही नसावे असा नियम आहे.

गेमच्या बाबतीतही असे घडले आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गेम आला. त्यातील एका दृश्यातल्या उघडझापीमुळे गेमचे परीक्षण करणाऱ्या एका पत्रकार महिलेला फिट आली. तिने हे जाहीरपणे लिहिल्यावर कंपनीने काही दिवसांतच ते दृश्य बदलले. म्हणजे दृश्याचा परिणाम कायम ठेवूनही धोका कमी करणे शक्य असते.

लेझर आणि गेम : गल्लत नको

२०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टिपटलाला लेझर प्रकाशामुळे इजा झाल्याचे येथील नेत्रतज्ज्ञांनी सांगितले होते. तेव्हापासून ‘मोबाइलच्या लाइटनेही डोळ्याचा पडदा जळतो का?’ अशी शंका पालकांच्या मनात येते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेझरचा तीव्र किरण थेट डोळ्यात गेला तर दृष्टिपटल भाजते. ती डोळ्याची इजा असते. मोबाइलच्या पडद्यात दृष्टिपटल भाजण्याइतकी ताकद नसते. तिथे प्रश्न मेंदूच्या प्रतिसादाचा असतो आणि डोळे पूर्ण निरोगी असले तरी तो उद्भवू शकतो.

मिरवणुकीतले, लग्नाच्या हॉलमधले किंवा डीजेवरचे लुकलुकणारे स्ट्रोब लाइट मात्र गेमसारखाच परिणाम करू शकतात. झाडांच्या रांगेतून धावत्या गाडीत डोळ्यांवर येणारी ऊन-सावलीची उघडझापही तशीच. ज्याला गेम खेळताना त्रास झाला आहे, त्याने या जागीही काळजी घ्यावी.

ही लक्षणे ओळखा

पूर्ण फिट येण्याआधी अनेक मुलांमध्ये लहान खुणा दिसतात. खेळताना क्षणभर हात थबकणे, पापण्या फडफडणे, काही सेकंद हाक मारूनही उत्तर न देणे, खांद्याला किंवा हाताला अचानक हिसका बसणे, या त्या खुणा. विशेषतः सकाळी उठल्यावर हातातून ब्रश किंवा चहाचा कप उडत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. किशोरवयात सुरू होणाऱ्या ‘जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’ या प्रकारात असे हिसके बसतात आणि अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांना प्रकाशाचाही त्रास होतो. घरी मात्र याला ‘वेंधळेपणा’ म्हणून मुलाला रागावले जाते.

कोणती सेटिंग बदलावी?

गेमच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ किंवा ‘ग्राफिक्स’ हा विभाग उघडा. प्रत्येक गेममध्ये सर्व पर्याय नसतात. जे असतील ते असे बदला :

१. ‘फोटोसेन्सिटिव्ह मोड’ किंवा ‘रिड्यूस फ्लॅशेस’ असा पर्याय असेल तर तो सुरू करा. ‘सेलेस्ट’सारख्या काही गेममध्ये तो दिलेला आहे.
२. ‘स्क्रीन शेक’, ‘मोशन ब्लर’ आणि ‘ब्लूम’ बंद करा.
३. ‘इफेक्ट्स’चा दर्जा सर्वांत खाली ठेवा. स्फोट आणि गोळीबाराची चमक त्यामुळे सौम्य होऊ शकते.
४. पडद्याची चमक कमी करा आणि खोलीतला दिवा लावून खेळा.
५. आयफोनवर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, त्यात ‘मोशन’ आणि तिथे ‘डिम फ्लॅशिंग लाइट्स’ हा पर्याय आहे. २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.४ पासून तो मिळतो. तो व्हिडिओतील लखलखाट मंद करतो, पण गेमसाठी त्यावर विसंबू नका.
६. अँड्रॉइडवरील ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ फक्त फोनच्या स्वतःच्या हालचाली थांबवते. गेममधल्या स्फोटांवर त्याचा परिणाम होत नाही.

‘९० एफपीएस’ किंवा ‘१२० हर्ट्झ’ या आकड्यांना मात्र घाबरू नका. तो चित्र बदलण्याचा वेग आहे, प्रकाशाच्या उघडझापीचा नाही. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीचा पडदा स्वतःच लुकलुकत असे, म्हणून तो जास्त त्रास देई. आताच्या पडद्यांमध्ये तो दोष बराच कमी आहे. धोका असतो तो पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा.

याच विभागातले इतर पर्याय दुसऱ्यांच्याही कामाचे आहेत. अर्धशिशी असलेल्यांना आणि गेम पाहताना मळमळणाऱ्यांना ‘स्क्रीन शेक’ बंद केल्यावर बरे वाटू शकते. लाल-हिरवा रंग वेगळा न ओळखणाऱ्यांसाठी अनेक गेममध्ये ‘कलरब्लाइंड मोड’ असतो.

खेळताना त्रास जाणवला तर

लगेच एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड पडद्यापासून फिरवा. नुसते डोळे मिटू नका. मिटलेल्या पापण्यांतून लालसर प्रकाश आत जातच राहतो आणि त्रास वाढू शकतो. एक डोळा झाकल्याने मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरचा भार कमी होतो. ही युक्ती मुलाला आधीच शिकवून ठेवा.

दुकानात मिळणाऱ्या ‘ब्लू-कट’ चष्म्याने हा धोका टळत नाही. काही रुग्णांना खास गडद निळ्या भिंगांचा उपयोग होतो, पण त्या वेगळ्या असतात आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

फिट आल्यास काय करावे?

• वेळ पाहा. आजूबाजूच्या टोकदार आणि कठीण वस्तू बाजूला करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा.
• झटके थांबताच रुग्णाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही.
• हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका.
• कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या देऊ नका. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. म्हणूनच या उपायांनी ती थांबली असे वाटते.
• ५ मिनिटांत झटके थांबले नाहीत, लागोपाठ दुसरी फिट आली किंवा ही पहिलीच फिट असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

तपासणी आणि औषधे

‘मोबाइलमुळे झाले, मोबाइल काढून घेतला, आता प्रश्न मिटला’, असे समजणे घातक ठरू शकते. गेम हे अनेकदा फक्त निमित्त असते. मूळ आजार तसाच राहतो आणि पुढची फिट पायऱ्या उतरताना किंवा गंगापूर धरणात पोहताना येऊ शकते. पहिल्या फिटनंतर मेंदूविकारतज्ज्ञांची भेट घ्या. त्या क्षणी पडद्यावर काय चालू होते, आदल्या रात्री झोप किती झाली, हे लिहून न्या. शक्य असेल तर कोणाकडून तरी फिटचा व्हिडिओ काढून ठेवा.

ईईजी करताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून मेंदूचा प्रतिसाद पाहतात. यामुळे प्रकाशाची संवेदनशीलता थेट कळते. मात्र एकदा ईईजी सामान्य आला म्हणजे आजार नाही, असा अर्थ होत नाही.

शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवरची फिटची गोळी कधीही सुरू करू नका. कार्बामाझेपिन हे इतर प्रकारांत उपयोगी औषध हिसक्यांचा त्रास वाढवू शकते. व्हॅल्प्रोएट या प्रकारात प्रभावी आहे, पण गर्भातील बाळाला त्यापासून धोका असल्याने मुलींना ते शक्यतो टाळतात. चालू असलेली गोळी मनाने बंद करणे हेही फिट येण्याचे एक मोठे कारण आहे.

खेळ पूर्ण बंद करावा का?

प्रत्येक मुलाला नाही. कधीच त्रास न झालेल्या मुलाने दिवा लावून, पुरेशी झोप घेऊन, मध्ये मध्ये विश्रांती घेत खेळावे, एवढे पुरेसे आहे. मे २०२३ मध्ये परत आलेल्या ‘बीजीएमआय’मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा ठेवली गेली. मात्र आई-वडिलांच्या नावाने खाते उघडले की ती निरुपयोगी ठरते. ज्यांची संवेदनशीलता तपासणीत आढळली आहे, त्यांनी काय खेळावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. काहींमध्ये ही संवेदनशीलता पंचविशी-तिशीनंतर कमी होते.

फिट आल्याचे लपवू नका, विशेषतः मुलीच्या बाबतीत. ‘लग्न जमणार नाही’ या भीतीने तपासणी पुढे ढकलली जाते आणि उपचाराविना वर्षे जातात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मारासंबंधी जी अट होती, ती १९९९ मध्येच काढून टाकली आहे. वर्गशिक्षकांना आणि मुलाच्या दोन मित्रांना प्रथमोपचार सांगून ठेवा. मूल दिवसातला बराच वेळ त्यांच्याच सोबत असते.