पुळणीवरील बैलगाडी शर्यत

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एक पारंपरिक क्रीडाप्रकार. अलिबाग, नागाव इ. ठिकाणी ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट पुळणीवर हलक्या दुचाकी गाडीला बैलजोडी जुंपून ही शर्यत खेळतात. तिची वेळ समुद्र ठरवतो : अमावास्या-पौर्णिमेस दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, तर अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी ओहोटी असते. आयर्लंडमधील लेटाउन येथे १८६८ पासून ज्ञात असलेली घोड्यांची शर्यतही अशीच ओहोटीच्या वाळूवर होते.

मात्र बैल हा मूलतः ओढकामाचा प्राणी. त्याची शरीररचना शर्यतीस अनुकूल नाही व धावण्यासाठी त्याला यातना दिल्या जातात, या कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना सशर्त मान्यता दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने त्यांना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. बैलांना इजा करण्यास नियमांनी मनाई आहे. त्यांच्या काटेकोर पालनावरच या खेळाचे भवितव्य अवलंबून आहे.