खणातली वही : चिठ्ठ्यांच्या पेटीपासून एव्हरनोटपर्यंत

सरकारी कचेरीत स्मरणशक्तीला स्वतंत्र वेतनश्रेणी नाही. पण तिच्यावाचून एकही फाइल पुढे सरकत नाही. अमुक प्रकरणात मागे काय ठरले होते, स्मरणपत्र केव्हा गेले, वित्त खात्याने नेमक्या कोणत्या शब्दाला हरकत घेतली होती, हे ज्याला न चाचपडता सांगता येते त्याच्या मेजाभोवती शाखेचा कारभार फिरत असतो. नियम करणारांनाही हे ठाऊक होते. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या मॅन्युअलात सहायकाची डायरी, स्मरणपत्रांची डायरी, गार्ड फाइल, पूर्वोदाहरणांचे पुस्तक अशी साधने सांगितली आहेत. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी खुर्चीची आठवण बदलू नये, हा त्यांमागील हेतू.

तथापि या सरकारी वह्यांच्या शेजारी, आपल्यापैकी बहुतेकांच्या खणात, आणखी एक वही असते. तीत साहेबांनी बोलता बोलता केलेली सूचना असते, नियमाचा सापडता न सापडणारा क्रमांक असतो, कोणाला केव्हा फोन करावयाचा ते असते, आणि क्वचित घरच्या किराण्याची यादीही असते. बदलीचा हुकूम आला म्हणजे गार्ड फाइल मागे राहते व ही वही ट्रंकेत पडते. गेल्या पंधरावीस वर्षांत ती खणातून उठून फोनमध्ये गेली आहे. या वहीचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहिला नाही. पण तो आहे, आणि आपल्यासारख्या फिरत्या नोकरदारांनी तो पाहून ठेवण्याजोगा आहे.

टिपण लिहिणे कधीच कठीण नव्हते. कठीण होते ते लिहिलेले पुन्हा सापडणे. युरोपातील विद्वान निवडक उतारे व विचार एका वहीत उतरून घेत, तिला 'कॉमनप्लेस बुक' म्हणत. वही भरत जाई आणि शोधणे अशक्य होई. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने यावर एक युक्ती काढली व 1686 साली ती एका फ्रेंच नियतकालिकातून प्रसिद्ध केली. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1706 साली, ती इंग्रजीत आली. युक्ती अगदी कारकुनी आहे. वहीच्या आरंभीच्या दोन पानांवर वीस अक्षरांचे कोठे आखावयाचे आणि प्रत्येकात पाच स्वरांची घरे पाडावयाची. एकूण शंभर घरे. टिपणाच्या मथळ्याचे पहिले अक्षर व त्यानंतरचा पहिला स्वर पाहून घर ठरवावयाचे, आणि त्या घरात पानाचा आकडा टाकावयाचा. कोणत्या विषयास किती पाने लागतील हे आधी ठरविण्याचे कारण उरले नाही; गरज पडेल तसे पुढचे कोरे पान घ्यावे. शासन, राजकारण, धर्म या विषयांवर मोठमोठे ग्रंथ लिहिणारा हा मनुष्य अनुक्रमणिकेच्या दोन पानांवर इतका विचार करीत बसला, याचे मला कौतुक वाटते.

लॉकच्या पद्धतीत एक उणीव राहिली. वहीतील पान हलविता येत नाही. म्हणून पुढे सुट्या चिठ्ठ्या आल्या, कार्डे आली, कपाटे आली. या प्रकाराचा सर्वांत मोठा साधक विसाव्या शतकात जर्मनीत होऊन गेला, आणि तो आपल्या जातकुळीचा होता. निक्लास लूमान (1927–1998) हा पुढे बीलेफेल्ड विद्यापीठातील समाजशास्त्राचा विख्यात प्राध्यापक झाला; पण आरंभी तो कायदा शिकून सरकारी नोकरीत शिरलेला अधिकारी होता. ल्यूनेबुर्ग येथील न्यायालयात व नंतर लोअर सॅक्सनी राज्याच्या शिक्षण मंत्रालयात त्याने नोकरी केली. त्या काळातच तो कचेरीतून परतल्यावर वाचीत बसे व चिठ्ठ्या लिही. हा क्रम सुमारे 1951 पासून अखेरपर्यंत चालला आणि मागे लाकडी खणांत सुमारे 90,000 चिठ्ठ्या राहिल्या.

नव्वद हजारांचा आकडा डोळे दिपविणारा आहे. पण खरी गंमत क्रमांकात आहे. लूमान विषयवार गठ्ठे करीत नसे. प्रत्येक चिठ्ठीस एक कायमचा क्रमांक दिला जाई. 57/12 या चिठ्ठीवरील विचार पुढे चालला तर 57/13. परंतु तिच्यातील एखाद्या शब्दावरून निराळी वाट फुटली तर 57/12अ, आणि तिला पुन्हा फाटा फुटला तर 57/12अ1. कोणत्याही दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये केव्हाही नवी चिठ्ठी घालता येई, आणि एकदा बसलेली जागा कधीही बदलत नसे. दूरच्या चिठ्ठीशी नाते असेल तर तिचा क्रमांक कोपऱ्यात लिहून ठेवावयाचा. ज्याने फाइलीच्या भागांचे आणि जोडलेल्या फाइलींचे क्रमांक हाताळले आहेत त्याला हे पाहून ओळखीचे हसू येईल. 1981 साली लिहिलेल्या एका निबंधात लूमानने या पेटीस आपला संवादातील जोडीदार म्हटले आहे. आपण विसरलेली गोष्ट ती अनपेक्षित शेजारी बसवून समोर आणते, असा त्याचा अनुभव होता. 2011 मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठाने त्याचा सारा कागदपत्रसंग्रह घेतला, आणि 2015 पासून त्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे घेऊन त्या लावण्याचे काम चालू आहे. कागद होते, शाई होती, अक्षर वाईट असले तरी वाचता येत होते. म्हणून हे शक्य झाले.

यंत्राची कल्पना मात्र अमेरिकेतून आली. दुसऱ्या महायुद्धात तेथील शास्त्रीय संशोधनाचे सरकारी खाते चालविणाऱ्या व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै 1945 मध्ये 'अटलांटिक' मासिकात एक लेख लिहिला. लिहिण्याच्या मेजातच सूक्ष्मचित्रफितींवर ग्रंथ, पत्रे, टिपणे साठविलेली आहेत, आणि एका कागदावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वाटा मालकानेच आखून ठेवल्या आहेत, असे 'मेमेक्स' नावाचे यंत्र त्यांनी कल्पिले. ते यंत्र बुश यांनी कधी बांधले नाही.

बुश यांची कल्पना सामान्य माणसाच्या खिशात उतरली ती साठाहून अधिक वर्षांनी, आणि तिला नाव होते एव्हरनोट. तिचा जनक स्तेपान पाचिकोव. आजच्या अझरबैजानात जन्मलेला हा मनुष्य हस्ताक्षर ओळखणाऱ्या संगणकविद्येत मॉस्कोत नावाजला. 1993 च्या ॲपलच्या 'न्यूटन' या हातयंत्रात त्याच्या कंपनीची ती विद्या वापरली होती. पुढे कॅलिफोर्नियात त्याने माणसाच्या स्मृतीस टेकू देणाऱ्या आज्ञावलीचा ध्यास घेतला. 2007 मध्ये फिल लिबिन यांनी कारभार हाती घेतला, जून 2008 मध्ये ती सर्वांस खुली झाली, आणि पुढच्याच महिन्यात आयफोनसाठी ॲपांचे दुकान उघडले तेव्हा पहिल्या दिवसापासून एव्हरनोट तेथे होते. हत्ती विसरत नाही, या इंग्रजी समजुतीवरून तिच्या चिन्हात हत्तीचे डोके घेतले, आणि त्याचा कान पुस्तकाच्या दुमडलेल्या कोपऱ्यासारखा काढला.

त्या वर्षीच्या आर्थिक अरिष्टात कंपनी जवळजवळ बुडाली होती. लिबिन यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की, पैसा संपला, ठरलेला गुंतवणूकदार मागे फिरला, सकाळी सर्वांस निरोप द्यावयाचा असे ठरवून ते रात्री तीनच्या सुमारास झोपावयास निघाले, तोच स्वीडनमधील एका अपरिचित गृहस्थांचे पत्र आले. तुमच्या ॲपने माझे जीवन सुधारले, तुम्हाला पैसे हवेत काय? पाच लाख डॉलर मिळाले व कंपनी तरली. टिपणवहीवर माणसाचा जीव किती जडतो याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आता एव्हरनोटने काय बदलले? कचेरीत टिपलेली ओळ घरच्या संगणकावर उमटू लागली. भेटकार्डाचे किंवा फळ्यावरील मजकुराचे छायाचित्र टाकले तर त्यातील इंग्रजी शब्दही शोधून मिळू लागले. लॉकची घरे आणि लूमानचे क्रमांक, दोन्हींची जरुरी संपली. शब्द टाकावा, टिपण हजर. याचा एक तोटा मात्र बोलून दाखविला पाहिजे. चिठ्ठी कोठे बसवावी याचा विचार करण्यात लूमानचे निम्मे चिंतन होत असे. आपण आता विचार न करता साठवितो आणि शोधल्याखेरीज पुन्हा पाहात नाही. माझ्याच फोनमध्ये अशी टिपणे आहेत की ती का घेतली हे त्यांच्यावरून कळत नाही.

मे 2014 पर्यंत एव्हरनोटचे दहा कोटी वापरणारे झाले होते. लिबिन म्हणत, आम्हाला शंभर वर्षे टिकणारी संस्था उभारावयाची आहे. तुमची टिपणे तुमची आहेत, ती सुरक्षित राहतील, ती केव्हाही बाहेर नेता येतील, अशी तीन वचने कंपनीने 2011 मध्ये जाहीर केली होती. अशा वचनांवर लोकांनी घरचे दस्तऐवज, रोजनिश्या, आईच्या पाककृती तेथे ठेवल्या.

पुढील हकीकत थोडक्यात अशी. मार्च 2013 मध्ये कंपनीच्या यंत्रणेत चोर शिरले आणि पाच कोटी लोकांचे परवलीचे शब्द बदलावे लागले. 2015 मध्ये लिबिन यांनी कारभार सोडला. 2016 मध्ये फुकट वापरणारांस दोनच यंत्रांची मुभा उरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, यंत्रास शिकविण्याच्या कामी कंपनीच्या काही नोकरांस टिपणे पाहता येतील असे धोरण जाहीर झाले. एवढी ओरड झाली की ते मागे घ्यावे लागले. नोव्हेंबर 2022 मध्ये मिलान येथील बेंडिंग स्पून्स या कंपनीने एव्हरनोट विकत घेत असल्याचे प्रसिद्ध झाले. 2023 च्या जुलैत अमेरिका व चिली येथील जवळजवळ सर्व नोकरांस काढून कारभार युरोपात नेण्यात आला, आणि डिसेंबरात फुकट वहीची मर्यादा पन्नास टिपणांवर आली. शंभर वर्षांपैकी पंधरा झाली होती. गूगलने 2006 मध्ये काढलेली 'नोटबुक' तर 2012 मध्ये बंदच झाली होती.

कोणावर आरोप करावा असे यात फारसे नाही. धंदा हा धंदा. तोट्यात वही चालविण्यास कोणी बांधलेला नाही. पण माझी वही ही माझ्या खणात नसून दुसऱ्याच्या कोठारात आहे, आणि त्या कोठाराचा धनी मला न विचारता बदलू शकतो, ही गोष्ट लॉकच्या किंवा लूमानच्या बाबतीत नव्हती.

आपल्या बाबतीत तिला दुसरीही बाजू आहे. वहीतील मजकूर तरी आपला कोठे असतो? जून 2022 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी नोकरांसाठी सुरक्षेच्या सूचना काढल्या. अंतर्गत, मर्यादित अथवा गोपनीय सरकारी माहिती खाजगी कंपन्यांच्या दूरस्थ साठ्यावर ठेवू नये, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. ई-ऑफिसमध्ये काम करणारांस पिवळी टिप्पणी व हिरवी टिप्पणी यांतील भेद परिचित आहे. पिवळी खोडता, फिरविता येते. हिरवी एकदा पुढे गेली की कायमची. फोनमधील टिपण या दोहोंच्या अलीकडचे, अर्ध्या मनातले. साहेबांचे तोंडी बोलणे तेथे उतरले म्हणजे ते सरकारी की खाजगी, याचा उलगडा सूचनापत्रातील एका वाक्याने होत नाही.

हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. नाना फडणीस पेशवाईच्या दफ्तराचे धनी. परंतु त्यांच्याजवळील कागदांचा मोठा संग्रह वाईजवळच्या मेणवली येथील त्यांच्या वाड्यात राहिला. राज्याचा कागद कोठे संपला व नानांचा कोठे सुरू झाला हे तेव्हा कोणी विचारले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेणवली दफ्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले व त्यातील पुष्कळ भाग 'इतिहास संग्रहा'तून छापला गेला. सरकारी बाजूचे पेशवे दफ्तर 1818 नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुण्यात 1891 साली त्यासाठी दगडी इमारत उभी राहिली, आणि रुमालांत बांधलेले ते कागद इनाम-वतनाच्या कामापुरते सोडले जात. संशोधकांस तेथे सहज रीघ नव्हती. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडलेले 45 खंड बाहेर पडले ते 1930 ते 1934 या वर्षांत. म्हणजे घरी नेलेला कागद आधी लोकांपुढे आला व कचेरीत राहिलेला शंभरांहून अधिक वर्षे थांबला. याला कोणी नियमभंगाचे समर्थन समजू नये; घडले ते असे.

त्या रुमालांची आज एक निराळी अडचण आहे. कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे, पण लिपी मोडी आहे, आणि ती भराभर वाचणारे थोडे उरले आहेत. ॲपांच्या बाबतीत हीच मोडी दोनशे वर्षांऐवजी पाच वर्षांत तयार होते. प्रत्येक कंपनी आपल्या खास ठेवणीत मजकूर साठविते. कंपनी गेली की ती ठेवण वाचणारा हुडकावा लागतो. हे ओळखून अलीकडच्या काही ॲपांनी उलट वाट धरली. 2020 मध्ये निघालेले ऑब्सिडियन टिपणे आपल्याच यंत्रावर साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवते. ॲप नाहीसे झाले तरी त्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडतात. त्यात लूमानसारखे एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवे देता येतात, ही आणखी एक सोय. मात्र यंत्र बिघडले वा हरवले तर जबाबदारी सर्वस्वी आपली. प्रत काढून ठेवण्याचा आळस ज्याला आहे त्याला कंपनीचे कोठारच बरे.

एव्हरनोटमधूनही टिपणे बाहेर काढता येतात. संगणकावरील आवृत्तीत ती 'एनेक्स' नावाच्या फाइलीत उतरतात, आणि इतर काही ॲपे ती फाइल वाचतात. पत्ते, पाककृती, मुलांच्या शाळेच्या तारखा, वाचलेल्या पुस्तकांची टाचणे, इतके तरी असे काढून पाहावे, आणि ते दुसरीकडे नीट उघडते की नाही हेही पाहावे. शिलाँगहून दिल्लीस अथवा दिल्लीहून चेन्नईस जाण्याचा हुकूम हातात पडल्यावर ट्रंका बांधण्याच्या घाईत हे होत नाही. त्याला आधीचा एखादा रिकामा रविवार लागतो.