गाडी तीच की दुसरी?

१९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रश्न आला. एका मालकाने आपली जुनी बेंटली मोटार एका कंपनीला विकण्याचा करार केला होता. व्यवहार ठरला होता सुमारे एक कोटी पौंडांचा. पुढे कंपनीने पैसे देण्यास नकार दिला. तिचे म्हणणे असे, की जी गाडी म्हणून ही आम्हाला विकली, ती ही नव्हेच. मालकाचे म्हणणे, तीच आहे. गाडी डोळ्यांपुढे होती, तिला हात लावून पाहता येत होता. तरीही ती 'ती' आहे की नाही, हे नुसते पाहून ठरेना.

इतिहास शिकवताना 'हे साधन अस्सल कशावरून?' असा प्रश्न आपण ताम्रपट, नाणी, जुनी पत्रे यांच्या संदर्भात विचारतो. यंत्रांच्या बाबतीत तो सहसा विचारला जात नाही. म्हणून या खटल्याची हकीकत जरा तपशिलाने सांगण्यासारखी आहे.

डब्ल्यू. ओ. बेंटली या इंग्रज अभियंत्याने १९१९ साली आपली मोटार कंपनी काढली. त्याने उमेदवारी केली होती डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात, आणि त्याच्या गाड्यांमध्येही आगगाडीच्या इंजिनाचा काही अंश उतरला होता असे आम्हाला वाटते. वजनदार, मजबूत, तासन् तास एका दमात धावणाऱ्या अशा त्या गाड्या होत्या, अर्थातच श्रीमंतांसाठी. १९३१ साली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. तोपर्यंत सगळ्या मिळून सुमारे तीन हजार गाड्या तयार झाल्या होत्या. साडेसहा लिटर इंजिनाच्या 'स्पीड सिक्स' या प्रकारच्या तर जेमतेम १८२.

फ्रान्समधील ल माँ येथे १९२३ पासून चोवीस तासांची मोटार शर्यत भरते. १९२९ साली या शर्यतीत पहिले चारही क्रमांक बेंटलीने पटकावले. पहिली आलेली स्पीड सिक्स वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी चालवली होती. हा बार्नाटो हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा वारस, आणि बेंटली कंपनीचा अध्यक्षही. १९३० साली त्याने ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन पुन्हा हीच शर्यत जिंकली, आणि तीही त्याच गाडीने. त्या गाडीचे नाव पडले 'ओल्ड नंबर वन'.

पण 'त्याच गाडीने' हे शब्द आपण किती सहज लिहितो! शर्यतीची गाडी एका शर्यतीतून दुसरीत जाते तेव्हा ती जशीच्या तशी जात नाही. झिजलेले उतरवायचे, तुटलेले बदलायचे, हळू वाटणारे काढून वेगवान बसवायचे, हाच तिचा दिनक्रम असतो. १९३२ पर्यंत ओल्ड नंबर वनची चासी बदललेली होती आणि तिच्यात आठ लिटरचे नवे इंजिन आले होते. त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रुकलंड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या उंच कलत्या कडेवरून पलीकडे फेकली गेली. चालक क्लाइव्ह डनफी जागीच मरण पावला. त्यानंतर बार्नाटोने ती दुरुस्त करवून तिच्यावर बंद टप चढवला आणि शर्यतीची गाडी रस्त्यावरची गाडी झाली. पुढे तिचे मालक बदलले, ती पुन्हा उघडली गेली, पुन्हा बांधली गेली, आणि फिरून शर्यतीच्या रूपात आली. १९९० साली विकायला निघाली ती ही गाडी.

आता खेड्यातल्या बैलगाडीचा विचार करू. या वर्षी दोन आरे बदलले, पुढच्या वर्षी धाव नवी चढवली, मग जू मोडले म्हणून नवे घातले, आणि काही वर्षांनी साटाही नवा केला. तरी घरात कोणी असे म्हणत नाही, की आजोबांची गाडी गेली, ही दुसरी आहे. आपल्या शरीराचेही तसेच. रक्तातील लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. उलट दातावरचे एनॅमल एकदा तयार झाले की शरीर ते पुन्हा घडवत नाही. म्हणजे आपल्यातले काही जन्मभर टिकते, काही सतत बदलते, आणि तरी हजेरीपटावर नाव तेच राहते. बैलगाडीचा कोणी एक कोटी पौंडांना सौदा करत नाही, म्हणून तिथे वाद होत नाही, एवढेच.

बेंटलीच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. त्या काळात कंपनी संपूर्ण गाडी विकतच नसे. ती विकायची चासी, म्हणजे सांगाडा, त्यावरचे इंजिन, चाके, सुकाणू. या चासीची पाच वर्षांची हमी कंपनी देत असे. वरची 'बॉडी' गिऱ्हाइकाने वेगळ्या कारागिरांकडून करून घ्यायची. ते अ‍ॅश नावाच्या लाकडाचा सापळा करून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा कातड्यासारखे कापड ताणून बसवत. ल माँच्या बेंटलींच्या बॉड्या व्हँडेन प्लास या कारखान्याने कापड ताणूनच केलेल्या होत्या. तेव्हा मुळात गाडी म्हणजे काय? चासी? इंजिन? की ज्या रूपात ती लोकांनी पाहिली ते रूप?

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांनी गाडीचा एकेक भाग कागदपत्रांशी ताडून पाहिल्याची साक्ष झाली. त्यातून निघालेली यादी वाचण्यासारखी आहे. १९२९ च्या विजेत्या गाडीतले, ज्यांचा काळ ठरवणे अशक्य अशा किरकोळ वस्तू सोडता, काहीही उरलेले नव्हते. १९३० च्या गाडीतले उरले होते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि सुकाणूचा खांब, तेही सगळे मूळ अवस्थेत नाहीत. मात्र १९३२ च्या गाडीतले बरेच काही होते: चासीचा सांगाडा, पुढचा आस, आठ लिटरचे इंजिन, फलकावरच्या काही तबकड्या.

ही यादी ऐकून कोणीही म्हणेल, कंपनी खटला जिंकणार. न्यायमूर्तींनी निकाल दिला तो मालकाच्या बाजूने.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या गाडीला 'ओरिजिनल' म्हणता येणार नाही, 'जेन्युइन'ही नाही. १९२९ ची किंवा १९३० ची गाडी आता कुठेच नाही. परंतु ही कुणी मागाहून सुटे भाग जमवून उभी केलेली नक्कलही नाही. तिच्यात बदल होत गेले ते ती धावत असताना, एकामागोमाग एक, आणि प्रत्येक नवा भाग तिने आपल्यात सामावून घेतला. मध्ये कुठेही अशी वेळ आली नाही, की जुनी गाडी संपली आणि नवी सुरू झाली. शिवाय त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी एकही बेंटली जगात नाही. म्हणून ती 'ऑथेंटिक' ओल्ड नंबर वन होय. आणि विकायला काढले होते ते केवळ धातू नव्हते. तिचा इतिहास आणि लौकिकही त्या विक्रीत होता.

आम्हाला हा निकाल पटतो, पण एका अटीवर. बदलांची साखळी अखंड होती हे सिद्ध करता आले पाहिजे. ओल्ड नंबर वन मुळातच प्रसिद्ध. तिच्या शर्यतींच्या नोंदी होत्या, छायाचित्रे होती, अपघाताच्या बातम्या होत्या. सामान्य जुन्या गाडीजवळ एवढे नसते. तिथे गाडीलाच बोलते करावे लागते.

सर्वांत आधी पाहायचे ते आकडे. चासीवर आणि इंजिनावर कारखान्यात पंच मारून क्रमांक उठवलेला असतो. लबाड माणूस तो कानशीने घासून काढतो आणि दुसरा मारतो. गंमत अशी, की घासलेला आकडा पूर्णपणे जात नाही. पंचाचा घाव बसतो तेव्हा आकड्याच्या खाचेखालचे धातूचे स्फटिकही दबले जातात, वेडेवाकडे होतात. खाच घासून सपाट केली तरी हा दबलेला थर काही खोलीपर्यंत शिल्लक राहतो. पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर तांब्याचे क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण लावले, तर दबलेला धातू शेजारच्या धातूपेक्षा लवकर खाल्ला जातो आणि पुसलेला आकडा पुसटसा वर येतो. गुन्हे-अन्वेषणाच्या प्रयोगशाळांत चोरीच्या वाहनांसाठी ही रीत नेहमी वापरतात. (हा प्रयोग वर्गात करू नये, करणाऱ्याला प्रशिक्षण हवे.) मात्र त्या जागी वेल्डिंग केलेले असेल, तर उष्णतेने स्फटिक नव्याने जुळतात आणि साक्ष कायमची नष्ट होते.

दुसरा साक्षीदार म्हणजे रंग. जुन्या गाडीच्या रंगाचा मोहरीएवढा तुकडा काढून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर थरांवर थर दिसतात, झाडाच्या खोडातील वलयांसारखे. तळाशी कारखान्याचा रंग, मध्ये एखाद्या मालकाची हौस, त्यावर डेंटिंग-पेंटिंगवाल्याची लांबी, सर्वांत वर कालपरवाचा चकचकीत रंग. प्रत्येक थराचे रसायन वेगळे. तेल-व्हार्निशचा रंग पूर्ण चढून वाळायला आठवडे लागत. फवारून तासाभरात वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग मोटारींवर आले ते १९२३-२४ च्या सुमारास. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचा 'रुटाइल' हा स्फटिकप्रकार १९४० च्या आसपास बाजारात आला. तेव्हा १९२९ ची म्हणून सांगितलेल्या पत्र्यावर अगदी तळच्या थरात रुटाइल सापडले, तर तो पत्रा तरी नंतर रंगवलेला आहे, हे निश्चित.

गंजही माहिती देतो. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी खिळ्यांनी ठोकला आणि फटीत पाणी शिरले, की तिथे एक छोटासा विद्युतघट तयार होतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि पोलाद वाचते. खिळ्यांभोवती पांढरी भुकटी आणि चाळणीसारखी भोके दिसली, तर पत्रा तिथे पुष्कळ वर्षे आहे. सगळे खिळे आणि सगळा पत्रा नवाकोरा असेल, तर मालकाने गाडीवर खूप पैसा खर्च केला आहे. जुन्या पत्र्याबरोबर किती माहिती भंगारात गेली, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

आमचे खरे दुखणे इथे आहे. जुन्या साडेसहा आणि आठ लिटरच्या बेंटलींपैकी बऱ्याच गाड्या मुळात मोठ्या, बंद, आरामशीर होत्या. डॉक्टर, उद्योगपती, जमीनदार त्यांतून फिरत. नंतरच्या काळात अशा गाडीला भाव नव्हता आणि ल माँच्या उघड्या गाडीला तो भरपूर होता. मग एकेकीचा टप उतरवून, अ‍ॅशचा सापळा फेकून, वर ल माँच्या धर्तीची नवी बॉडी चढवण्यात आली. यातली कारागिरी उत्तम असते, पाहताना आनंदही होतो. पण न धावलेल्या शर्यतींची ही वेशभूषा आहे. आणि तिच्यासाठी जे खरोखर होते, म्हणजे त्या काळच्या सुताराच्या खुणा, मळकी गादी, मालकिणीने सांगून बसवून घेतलेला कप्पा, ते गेले. ओल्ड नंबर वनमध्ये बदल होत गेले ते तिच्या आयुष्याचा भाग म्हणून. या गाड्यांचे आयुष्य पुसून दुसऱ्याचे लिहिले गेले. दोन्हींना लोक 'रिस्टोरेशन' म्हणतात.

संग्राहकांच्या जगातही हे हळूहळू उमगले. २००९ साली स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माजोरे सरोवराच्या तळातून १९२५ ची एक बुगाटी वर काढण्यात आली. गंजून चाळण झालेली. २०१० च्या जानेवारीत पॅरिसमध्ये तिचा लिलाव झाला आणि तिला २,६०,५०० युरो मिळाले. कॅलिफोर्नियातील मलिन मोटार संग्रहालयाने ती दुरुस्त न करता, त्याच अवस्थेत मांडली. (हे संग्रहालय २०२४ साली बंद झाले.) जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिव्हा'ने, २०१२ साली तयार केलेल्या तुरिन सनदेतही जतन आणि पुनर्बांधणी यांत स्पष्ट फरक केला आहे. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली केलेल्या व्हेनिस सनदेचा हा मोटारींपुरता विस्तार.

आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते आणि तिला वेगळी पाटी मिळते; महाराष्ट्रात 'एमएच'नंतर 'व्हीए'. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात राखलेले हवे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. लंडनच्या न्यायालयाने मान्य केलेली ओल्ड नंबर वन या नियमात बसवताना आपल्या परिवहन अधिकाऱ्याची पंचाईत होईल. उलट आधी चकचकीत, मग कागदोपत्री 'मूळ' अशी गाडी सहज पार होऊ शकेल. 'मूळ स्वरूप' म्हणजे कोणत्या दिवसाचे स्वरूप, हे नियमात लिहिता येणे कठीणच आहे.

तुरिन सनदेत यावर एक साधी सूचना आहे. पुनर्बांधणीत जो भाग नवा घालावा लागेल, त्यावर सहज ओळखता येईल अशी कायमची खूण करावी. कारखान्यात जो पंच चासीचा क्रमांक मारतो, तोच पंच नव्या आसावर किंवा पत्र्याच्या आतल्या बाजूला दुरुस्तीचे साल मारू शकतो. त्याला फार तर पाच मिनिटे लागतात.