परसातली वरी

आमच्या कोपरखैरण्याला एका अंगानं ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगानं पारसिकचा डोंगर. खाडीकडं बांध घालून राखलेली भाताची खाचरं, डोंगराकडच्या चढावर वरकस. वरकसात नाचणी आणि वरी. आज वरी म्हटलं की लोकांना एकादशी आठवते. आमची आय म्हणायची, "वरी उपासाची नाय रं, पोटाची हाय." उधाणात बांध फुटला, खारं पाणी खाचरात शिरलं, की दोन-तीन वर्षं तिथं भात धड येत नसे. मग चढावरची वरीच चूल पेटती ठेवायची.

१९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागं लोक उभे राहिले. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण गेले. पुढं साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. आमच्याही घरात रात्रंदिवस खाचरांचंच बोलणं. वरीचं मूठभर बी राखून ठेवावं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

म्हातारपणी हुरहुर लागली. दुकानातली वरी परसात पेरली, एक कोंब आला नाही. कसा येणार? टरफल काढून सडलेला दाणा तो. मग कर्जतकडच्या एका ठाकरणीनं टरफलासकट ओंजळभर बी दिलं. मृगात चार हातांच्या वाफ्यात फेकलं. श्रावणात गुडघाभर झालं आणि एके सकाळी सुनेनं गवत समजून अर्धा वाफा उपटला.

मी खूप बोललो तिला. दुपारी वाटलं, तिची काय चूक? वरी गवतासारखीच दिसते, गवतच आहे ती. तिला कोणी दाखवली होती?

उरलेली लोंबी भारानं वाकली. चिमण्यांनी त्यांचा वाटा घेतला. मळून, पाखडून अर्धी वाटी दाणे निघाले. मोहरीपेक्षाही बारीक. शिजवले असते तर एकाचाही घास झाला नसता. राखेत घोळून डब्यात ठेवले.

यंदा ओळीत पेरलीय. ओळीबाहेरचं तेवढं गवत, हा साधा हिशोब. खुरपणी सूनच करते. परवा नातवाला सांगत होती, "ह्याला हात लावू नको, ही आपली वरी हाय."