माळ्यावरची तपकिरी प्लेट

सावलीच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून पणजोबांची ट्रंक उतरवली. तळाशी एक तपकिरी प्लेट निघाली, मधोमध नाव ‘निकोल’. आत्या म्हणाली, “अरे, ही न फुटणारी!”

शोधलं तेव्हा कळलं, निकोल फ्रेर हे जिनिव्हाचे संगीतपेट्या करणारे, १८१५ पासूनचे. पेट्यांचा धंदा बसत चालला, तेव्हा त्याच नावाने लंडनमध्ये १९०३ साली प्लेटा निघू लागल्या. ग्रामोफोन कंपनीच्या प्लेटा लाखेच्या, हातातून पडली की संपली. (आमच्याकडे किती फुटल्या, विचारू नका.) निकोलने पुठ्ठ्यावर सेल्युलॉइडचा थर चढवला. हलकी, स्वस्त, पण खरखर फार. १९०४-०५ मध्ये त्यांची माणसं हिंदुस्थानात येऊन गाणी भरून गेली. १९०६ मध्ये कंपनीच बुडाली.

आमची फुटली नाही हे खरं, पण ओल लागून पुठ्ठा फुगलाय आणि कडेचा थर सुटलाय. गाणाऱ्याचं नाव खरवडून गेलंय. बाई की बुवा, तेही कळत नाही. आत्या म्हणते, “एकदा लाव ना रे, मी आहे तोवर.” सुई टेकवली तर उरलासुरला थरही निघेल.

फोनोला चावी देऊन ठेवली आहे. प्लेट अजून कपड्यात गुंडाळलेलीच आहे.