मामूंचा फोन आणि ठगांचा सोठा

आमचे मामू हिंगणघाटला राहतात, निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या हिवाळ्यात ते दीड दिवस दार लावून मोबाईलसमोर बसले होते. पडद्यावर वर्दीतला माणूस. तुमच्या आधारवर खाते उघडून दहशतवाद्यांना पैसे गेलेत, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, घरात कुणाशी बोलायचे नाही. मामूंनी पेन्शनमधून साठवलेले चार लाख पाठवून दिले. अशी अटक कोणत्याच कायद्यात नाही.

मी जरा रागानेच विचारले, "आयुष्यभर पोरं शिकवली, एवढं कळलं नाही?" ते म्हणाले, "बेटा, आपलं नाव ऐकूनच लोक अर्धा निकाल देतात. उरलेला अर्धा कोण ऐकणार, म्हणून घाबरलो."

यावर मला स्लीमनचे 'रामसीआना' आठवले. 1836 साली कलकत्त्यात निघालेला ठगांच्या गुप्त बोलीचा कोश. (स्लीमनची माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभी आहे, त्यामुळे इतिहासकार ती जपून वापरतात. मीही तेच करतो.) त्यात एक शब्द आहे, 'सोठा'. सोठा म्हणजे वाटसरूला बोलण्यात गुंतवून टोळीत आणणारा. गळ्याला रुमाल लावणारा वेगळा असे. सोठ्याचे हत्यार फक्त जीभ. वाट धोक्याची आहे, एकट्याने जाऊ नका, आमच्यासोबत चला, असे तो सांगे. म्हणजे ठगाच्या भीतीनेच माणूस ठगाच्या हाती जाई. आज पोलिसाच्या भीतीने खोट्या पोलिसाच्या हाती जातो.

तेव्हा बळी जाणाऱ्यांत पगार घेऊन रजेवर गावी निघालेले कंपनीचे शिपाई पुष्कळ होते. 1810 मध्ये लष्करी हुकूम काढून त्यांना सावध करावे लागले: अनोळखी लोकांची सोबत धरू नका, रोख नेण्याऐवजी हुंडी करा. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टबद्दल सावध केले, ते ऐकताना मला तो हुकूमच आठवला होता.

शिपाई बावळट नव्हते, मामूही नाहीत. फसतो तो लोभी किंवा अडाणी, हे आपले आवडते उत्तर आहे, कारण त्यात आपण सुटतो. मिलग्रामचा 1963 साली छापून आलेला अमेरिकेतला प्रयोग पाहा. कोट घातलेला माणूस 'पुढे चला' म्हणतो, एवढ्यावर 40 पैकी 26 जणांनी समोरच्याला 450 व्होल्टपर्यंत विजेचे झटके दिले, निदान त्यांना तसे वाटत होते. आज्ञा पाळणे आम्ही शाळेत पहिलीपासून शिकवतो. त्यात ज्याला आपली बाजू कुणी ऐकणार नाही अशी आधीच धास्ती आहे, त्याला एकटे पाडणे आणखी सोपे.

ठग मागे माणूस जिवंत ठेवत नसत, म्हणून पुढच्याला इशारा मिळत नसे. आता माणूस वाचतो, पण शरमेने गप्प बसतो. मामूंनी 1930 वर तक्रार केली ती तिसऱ्या दिवशी, तोवर पैसे पुढे गेले होते. मशिदीतल्या दोस्तांना त्यांनी अजून सांगितलेले नाही. हे लिहू का, विचारले तर म्हणाले, "लिही. नाव घालू नकोस."